चंपतरावांची डावी बाजू

आदिलाबादकडच्या बेल्याच्या बाजारात चंपतरावांचं किराणा दुकान होतं. पण गावात त्यांचं नाव होतं ते दुकानामुळे नव्हे, डोळ्यांमुळे. माणूस साठीला टेकलेला आणि नाकावर चष्मा नाही. फवारणीच्या औषधाचा डबा असो, बियाण्याची पिशवी असो की कुणाच्या सुनेच्या गोळ्यांचं पाकीट, त्यावरची बारीक अक्षरं वाचायला सगळं गाव त्यांच्याकडे यायचं. "चंपतराव, तारीख पाहा बरं" असं कुणी म्हटलं की ते हातातलं गिऱ्हाईक सोडत, डबा नाकासमोर धरत आणि तारीख तर वाचतच, पण ती कंपनी कुठली, तिचं ऑफिस कुठल्या गल्लीत, औषध चुकून पोटात गेलं तर काय करावं, हेही मोठ्याने वाचून दाखवत. बायका सुई-दोरा घेऊन येत. चंपतराव एका दमात दोरा ओवत आणि मग सभोवार असे पाहत की येणाऱ्याला दोन कौतुकाचे शब्द बोलल्याशिवाय गत्यंतर नसे.

अशा माणसावर, "मला दिसत नाही हो" असं सरकारदरबारी सिद्ध करायची पाळी आली. आणि सरकार ते मानायला तयार होईना.

त्याचं असं झालं की त्या उन्हाळ्यात त्यांच्या कुसुमचं लग्न झालं. स्थळ मुधोळकडचं, घर चांगलं, मुलगा चांगला. व्याही उद्धवराव मात्र तहसिलीतून निवृत्त झालेले. त्यांचे वडील निजामाच्या काळात पटवारी होते, आणि वडिलांनी मागे जमिनीपेक्षा उर्दू शब्दच जास्त ठेवले होते. अर्जाला दरखास्त, खातरजमेला तस्दीक, पुराव्याला सबूत आणि शिक्क्याला मुहर म्हटल्याशिवाय उद्धवरावांचं पान हलत नसे. त्यांच्या घरी भाजीत मीठ कमी पडलं तरी आधी त्याची चौकशी होई आणि मग मीठ येई.

वऱ्हाड संध्याकाळी मांडवाच्या दारात आलं. व्याहीभेटीची वेळ. दोन्हीकडच्या बापांनी पुढे यायचं, कडकडून भेटायचं, एकमेकांना शेला-टोपी द्यायची, जमलं तर थोडं उचलायचं, अशी रीत. चंपतरावांनी आदल्या दिवशी शेजारच्या नागोरावांना दोनदा उचलून सराव केला होता. ते हात जोडून, हसतमुखाने निघाले. समोर, जरा डाव्या अंगाला, उद्धवराव दोन्ही हात पसरून उभे होते. चंपतराव त्या पसरलेल्या हातांच्या बाजूने सरळ पुढे गेले आणि त्यांनी बँडमास्तरला मिठी मारली.

बँडमास्तरच्या अंगावर लाल कोट होता, खांद्यावर सोनेरी झुपके होते आणि डोक्यावर तुरा होता. खरं सांगायचं तर त्या गर्दीत व्याह्यासारखा दिसणारा तो एकटाच होता. चंपतरावांनी त्याच्या डोक्यावर टोपी घातली, खांद्यावर शेला टाकला आणि त्याला हातातल्या वाद्यासकट उचललं. बँडमास्तरच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढी लग्नं वाजवली, पण त्याला कुणी पाणीसुद्धा धड विचारलं नव्हतं. इकडे उद्धवरावांचे हात पसरलेलेच राहिले होते, आणि नेमका त्याच क्षणी फोटोवाल्याने फोटो काढला. लग्नाच्या अल्बमात तो पहिल्याच पानावर आहे. ज्वारीच्या वावरात बुजगावणं उभं असावं तसे उद्धवराव त्यात दिसतात.

लग्न पार पडलं, पण उद्धवराव ते विसरले नाहीत. पहिल्या दिवाळीला लेक-जावई आले नाहीत. निरोप आला, की ज्या घरात व्याह्यापेक्षा बँडवाल्याचा मान मोठा, त्या घरी आमची माणसं येणार नाहीत. संक्रांतीच्या सुमाराला कळलं की कुसुमला दिवस गेले आहेत. जयवंताबाईंना, म्हणजे चंपतरावांच्या बायकोला, आनंदाने काय करू अन् काय नको असं झालं. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. त्यांनी त्याच दिवशी डिंक आणि खारका आणायला सांगितल्या, न्हाणीघराचं दार दुरुस्त करून घेतलं आणि जुनी लुगडी मऊ करायला धुऊन टाकली. मग उद्धवरावांचा फोन आला.

"चंपतराव, सून पाठवायला आमची मनाई नाही," उद्धवराव म्हणाले. "पण भरल्या मांडवात तुम्ही आमची बेइज्जती केली. जाणूनबुजून केली का नजरचुकीनं, याचा आधी फैसला व्हावा. सबूत द्या, सुनेला न्या."

"अवो इवाईबुवा, मले तुमी दिसलेच नाई!"

"सुईत दोरा ओवणाऱ्या माणसाला सहा फुटांचा व्याही दिसत नाही? ही बात तहसिलीतला शिपाईसुद्धा मानणार नाही." आणि फोन बंद झाला.

त्या दिवशी जयवंताबाई जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी नवऱ्याला समोर बसवून विचारलं, "खरं सांगा. तुमी मुद्दाम केलं का?"

चंपतरावांनी आईची शपथ घेतली. जयवंताबाईंनी ती ऐकून घेतली, पण त्यांचं समाधान झालं नाही. कारण त्यांचीही एक तक्रार होती आणि ती जुनी होती. हा माणूस अलीकडे आपल्याकडे बघतच नाही. बाजूला येऊन उभं राहिलं तर दखल घेत नाही. चहा पुढे केला तर हाताच्या धक्क्याने सांडतो आणि वर "मधात काऊन आलीस?" म्हणून विचारतो. दारात बसलेल्या म्हशीला अडखळून पडतो आणि म्हशीवरच चिडतो. नागोराव तर गावात दबक्या आवाजात सांगत होते, की चंपतरावांनी दुपारची घ्यायला सुरुवात केली आहे. नागोराव एकदा आपल्या खाटेवर बसलेले असताना चंपतराव येऊन त्यांच्याच मांडीवर बसले होते, त्याचा हा राग.

जयवंताबाईंनी मग एक गोष्ट केली. चंपतराव ओसरीवर पेपर वाचत बसले होते. त्या हळूच मागून आल्या आणि हातातली ज्वारीची भाकर त्यांच्या डाव्या कानाजवळ धरली. चंपतराव वाचत राहिले. भाकर कानशिलाच्या पुढे आली, गालाच्या पुढे आली. चंपतरावांनी पान उलटलं. भाकर जवळजवळ नाकासमोर आली तेव्हा ते दचकले आणि म्हणाले, "आँ! ही भाकर कुठून आली?"

जयवंताबाई तिथेच खाली बसल्या. "अवं बाप्पा," त्या म्हणाल्या, "म्या उगाच या मानसावर रुसून राह्यली. याले तं दिसतच नाई." आणि भाकर हातात तशीच धरून त्या रडल्या. चंपतरावांना काही उमगेना, पण आपल्यावरचा एक मोठा आरोप आपल्याला न विचारता मागे घेतला गेला आहे, एवढं त्यांना कळलं.

आदिलाबादच्या खासगी डोळ्याच्या डॉक्टरांनी खूप वेळ बॅटरी मारून तपासलं आणि एका कागदाची गुंडाळी करून ती नागोरावांच्या हातात दिली. नागोराव सोबत आले होते, कारण गावातून कुणीही दवाखान्यात जायला निघालं की नागोरावांना सोबत जावंसं वाटतंच. "एक डोळा मिटा अन् या नळीतून पाहा," डॉक्टर म्हणाले.

"समोरचं तं साफ दिसते," नागोराव म्हणाले.

"आता चालून दाखवा."

नागोराव चालले आणि टेबलाच्या कोपऱ्यावर असे आदळले की त्यांची टोपी डॉक्टरांच्या मांडीवर पडली. "हे असंच आहे," डॉक्टर म्हणाले. "डोळ्याच्या मधला भाग उत्तम. बाजूचा हळूहळू गेलाय, डावीकडचा जास्त. सुईचं नाक दिसतं, पण म्हैस दिसत नाही. संध्याकाळी तर आणखीच कमी. आजार जुना असेल, हळू आल्यामुळे कळलं नाही."

परतताना बसमध्ये नागोराव गुडघा चोळत राहिले आणि त्यांनी दुपारच्या दारूचा विषय कायमचा सोडला. चंपतराव मात्र खिडकीबाहेर पाहत बसले होते. आपण एवढे नजरबाज म्हणून मिरवलो आणि आपल्याला निम्मं जगच दिसत नव्हतं, हे त्यांच्या मनाला फार लागलं. पण कुसुम आता येईल, या विचाराने त्यांनी तेही गिळलं आणि घरी पोचताच व्याह्यांना फोन लावला.

"प्रायव्हेट डॉक्टरचा कागद कुणीही आणतो," उद्धवराव म्हणाले. "सरकारी मुहर पाहिजे. किती टक्के दिसत नाही, ते सरकारनं तस्दीक करून द्यावं. मग बोलू."

अपंगत्वाच्या दाखल्यासाठी सरकारी तपासणीचं शिबिर आदिलाबादच्या एका लग्नाच्या हॉलमध्ये होतं. चंपतराव निघाले तेव्हा सल्ला द्यायला अर्धं गाव जमलं होतं. कुणी म्हणालं काळा चष्मा घाला. कुणी म्हणालं काठी घ्या आणि ती जरा आपटत चाला. नागोरावांचा सल्ला सर्वांत पक्का होता. "तक्ता दाखवतील. पयल्या वळीच्या खाली उतराचं नाई. वरचं मोठं दिसते म्हनाचं, बाकीचं धुकं हाय म्हनाचं."

"खोटं काऊन बोलू?" चंपतराव म्हणाले. "मले खरंच दिसत नाई ना."

"मंग त्यातच तं गम्मत हाय. खरं हाय, तेच खोटं बोलून दाखवाचं."

हॉलमध्ये मोठी रांग होती. चंपतरावांचा नंबर आला. भिंतीवर तक्ता होता, त्यावर फणीसारख्या खुणा होत्या आणि फणीचे दात कुणीकडे आहेत ते बोटाने दाखवायचं होतं. चंपतरावांनी ठरवलं होतं की फार वाचायचं नाही. पण समोर बारीक काहीतरी लिहिलंय आणि लोक बघतायत, ही वेळ आली की त्या माणसाच्या हातात काही राहत नसे. वर, खाली, उजवीकडे, डावीकडे, असं त्यांचं बोट फिरू लागलं. पहिली ओळ झाली, दुसरी झाली. नागोराव मागून खोकले. तिसरी झाली, मग सगळ्यात शेवटची, माशीच्या पायाएवढी ओळ झाली. रांगेतल्या लोकांनी मान डोलावली. तेव्हा तर चंपतरावांना राहवलं नाही. तक्त्याच्या अगदी तळाशी छापखान्याचं नाव होतं. तेही त्यांनी पत्त्यासकट वाचून दाखवलं. नागोरावांनी कपाळावर हात मारून घेतला.

"चाला बागुंदि! बहुत अच्छा!" डॉक्टर खूश होऊन म्हणाले. "आँखां एकदम फस्ट क्लास. जवान आदमी को भी ऐसी नजर नहीं होती."

"पन सायेब, बाजूचं दिसत नाई. साइड का..."

"साइड में क्या रखा है? सामने देखो। अगला!" आणि कागदावर शिक्का बसला, अपंगत्व शून्य टक्के.

चंपतराव वळले. डावीकडून शिपाई साहेबलोकांसाठी चहाचा ट्रे घेऊन येत होता. तो चंपतरावांना दिसायचं काहीच कारण नव्हतं. ट्रे उडाला, चंपतराव पडले, चहा साहेबांच्या शर्टांवर आणि कप बिस्किटांच्या ताटात गेले. "ॲक्टिंग कर रहा!" डॉक्टर ओरडले. "सब समझता हूँ मैं!" रांगेतल्या एका म्हाताऱ्याने चंपतरावांना उठायला हात दिला आणि कानात सांगितलं, "लय चांगलं केलं तुमी. पन हे चाचनीच्या पयले करा लागते, मंग करून उपेग नाई."

आयुष्यात कधी मापात मारलं नाही, असा चंपतरावांचा लौकिक. आज भर हॉलमध्ये त्यांना ढोंगी म्हटलं गेलं. आणि ढोंगी का, तर त्यांनी ढोंग केलं नाही म्हणून. या गोष्टीचा त्यांनी बेल्यापर्यंत विचार केला, पण त्यातून त्यांना काही मार्ग सापडला नाही.

खरा घोटाळा पुढेच होता. आता जगात एक सरकारी कागद असा झाला होता, की चंपतरावांची नजर निर्दोष आहे. रांगेत उद्धवरावांच्या नात्यातलं कुणीतरी होतंच. संध्याकाळपर्यंत त्या कागदाचा फोटो मुधोळकडे पोचला. उद्धवरावांचा फोन आला, आवाज शांत होता. "सबूत मागितला होता, मिळाला. सरकार म्हणतं तुम्हाला सगळं दिसतं. म्हणजे आम्हीही दिसलो होतो. आता काही बाकी राहिलं नाही."

जयवंताबाईंनी धुतलेली लुगडी घडी करून पेटीत ठेवली. चंपतरावांना ते भांडणापेक्षा जड गेलं. "म्या पुन्हा जातो," ते म्हणाले. "सरकार चुकलं हाय, सरकारच सुधरवन."

आता फेरतपासणीचा अर्ज. तो घेणारे गृहस्थ सज्जन होते. ते म्हणाले, बाजूची नजर तक्त्यावर कळत नाही, त्याला मशीन लागतं. मशीन कुठे आहे? इथेच होतं. पण गेल्या दसऱ्याला एका आदिलाबादचे चार जिल्हे झाले, आणि वाटणीत खुर्च्या, कपाटं, जीपगाड्या, फायली जिकडे तिकडे गेल्या. भावाभावांच्या वाटणीत जात्याचा वरचा दगड एकाकडे आणि खालचा दुसऱ्याकडे जावा, तसं मशीन नव्या जिल्ह्यात गेलं होतं आणि ते चालवणारा माणूस जुन्यातच राहिला होता. तो माणूस इथे रोज येऊन मशीनच्या रिकाम्या टेबलाशी बसत असे. तिकडे मशीन कापड पांघरून होतं. बेला आदिलाबादेतच राहिलं होतं, मुधोळ मात्र निर्मळात गेलं होतं, आणि मशीनही तिकडेच. "म्हणजे मले इवायाच्या जिल्ह्यात जाऊन पास व्हा लागते?" चंपतराव म्हणाले. "नापास," नागोरावांनी दुरुस्ती केली. "तुमाले नापास व्हाचं हाय."

पत्रं गेली, आली. पुष्कळ दिवसांनी मशीन आणि ते चालवणारा यांची एका दिवसापुरती गाठ घालून द्यायचं ठरलं. कुसुमला तोवर सातवा लागत आला होता. चंपतराव, जयवंताबाई आणि नागोराव पहाटेच्या बसने निर्मळला निघाले. दवाखान्याच्या दारातच लांब कोट घालून उद्धवराव उभे होते. ते जरा डावीकडे उभे होते, त्यामुळे चंपतराव त्यांच्या बाजूने सरळ आत गेले.

"पाहिलंत!" उद्धवराव जयवंताबाईंना म्हणाले. "आजही तेच. मी पंच म्हणून हजर राहणार आहे."

मशीन म्हणजे एक पांढरी मोठी वाटी. तिच्यात तोंड घालायचं, मधल्या ठिपक्यावर नजर ठेवायची आणि आजूबाजूला कुठे उजेडाचा ठिपका चमकला की हातातलं बटण दाबायचं. चालवणाऱ्याने हे नीट समजावून सांगितलं. चंपतरावांनीही ते नीट समजून घेतलं. पण लहानपणापासून ज्वारीच्या माळ्यावर बसून त्यांनी पाखरं राखलेली. एका जागी टक लावून बसलेल्या राखणदाराच्या कणसात दाणा राहत नाही, हे बापाने गोफणीच्या दोरीने त्यांच्या पाठीवर शिकवलेलं. वाटीत तोंड घालताच त्यांची नजर पाखरं शोधू लागली. इकडून तिकडे, तिकडून इकडे. ठिपका चमकला की सापडलाच. पट, पट, पट, बटण वाजत होतं. एकही पाखरू त्यांनी सुटू दिलं नाही.

मशीनमधून कागद आला. चालवणाऱ्याने तो पाहिला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "सारखी नजर हलवली यांनी. हा निकाल धरता येत नाही. मशीन लिहितंय, भरवसा कमी."

"वाह!" उद्धवराव उठून उभे राहिले. "मी सांगतो तर कुणी ऐकत नाही. आता मशीनच म्हणतंय, या माणसाचा भरोसा नाही!"

चंपतराव वाटीतून तोंड काढून बसले. त्यांचा चेहरा एवढासा झाला होता. दोष डोळ्यांत असूनही प्रत्येक यंत्र, प्रत्येक तक्ता त्यांना निर्दोष तरी ठरवत होता, नाहीतर लबाड तरी. जयवंताबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. पोरगी आता येत नाही, हे त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं आणि त्या नेमक्या समोरच असल्यामुळे चंपतरावांनाही ते दिसलं.

इतक्यात डॉक्टरबाई आल्या. तरुण होत्या, तेलुगु बोलणाऱ्या, हिंदीही चांगली येत होती. त्यांनी दोन्ही कागद पाहिले, शून्य टक्क्यांचा आणि भरवसा नसलेला, आणि विचारलं, "ये एक जगह देखते नहीं क्या कभी?"

"देखते ना," जयवंताबाई एकदम म्हणाल्या. "बारीक अक्षर दिलं का मंग घर जळालं तरी मुंडी वर करत नाई."

नागोरावांच्या खिशात कपाशीच्या औषधाची पुडी होती. कारण काय, तर वापरायची तारीख वाचून घ्यायची राहिली होती. बस हलत होती म्हणून ते काम उतरल्यावर करायचं ठेवलं होतं. डॉक्टरबाईंनी पुडी घेतली, चंपतरावांच्या नाकासमोर धरली आणि म्हणाल्या, "पढ़ो. जोर से."

चंपतरावांच्या अंगात एकदम जीव आला. ते ताठ बसले आणि वाचू लागले. "हे औषध थंड व कोरड्या जागी ठेवावे. लहान मुले, जनावरे व खाद्यपदार्थ यांपासून दूर ठेवावे..." डॉक्टरबाईंनी हळूच आपलं बोट त्यांच्या डाव्या बाजूला नेलं आणि हलवलं. चंपतराव वाचत राहिले.

"थांबा," उद्धवराव म्हणाले. "बोट बारीक असतं. मी बघतो." तहसिलीत जमिनी मोजायला जाताना चालत तसे ते चालत आले आणि चंपतरावांच्या डाव्या अंगाला उभे राहिले. त्यांनी हात हलवला. चंपतराव वाचत होते, "फवारणी करताना वाऱ्याच्या दिशेने तोंड करू नये." उद्धवरावांनी मूठ दाखवली. मग डोळे वटारले. मग, पंच म्हणून हजर असलेल्या माणसाला शोभणार नाही अशी जीभ काढली. "विषबाधेची लक्षणे," चंपतराव वाचत होते, "मळमळ, चक्कर, घाम येणे." उद्धवरावांनी शेवटी, काही न सुचून, दोन्ही हात पसरले. मांडवाच्या दारात पसरले होते अगदी तसे.

खोलीत सगळे गप्प झाले. उद्धवराव हात पसरून उभे होते आणि त्यांच्यापासून हातभर अंतरावर त्यांचा व्याही अतिशय मन लावून वाचत होता, "रुग्णास तात्काळ मोकळ्या हवेत न्यावे."

उद्धवरावांचे हात हळूहळू खाली आले. ते स्टुलावर बसले. मग ते म्हणाले, "बाई, हा माणूस खरंच मला बघत नाही हो." आणि त्यांनी कोटाच्या बाहीने डोळे पुसले.

"तारीख पुढल्या वर्षाची हाय, नागोराव," चंपतराव म्हणाले. "खुशाल वापरा." मग त्यांनी मान वर केली आणि विचारलं, "सगळे चूप काऊन झाले?"

यानंतरचं काम सोपं होतं. डॉक्टरबाईंनी पुडीवरची एक बारीक ओळ कापून वाटीतल्या मधल्या ठिपक्याशी चिकटवली. चंपतरावांची नजर तिच्यावरून हलली नाही. बटण फारच थोड्या वेळा वाजलं. नवा कागद आला, तपासला गेला, वरच्या डॉक्टरांची सही झाली, शिक्का बसला. पंच्याहत्तर टक्के.

"कित्ती?" चंपतराव उठून उभे राहिले.

"पचहत्तर. ये ठीक नहीं होता, चाचा," डॉक्टरबाई हळू आवाजात म्हणाल्या. "पर सामने की नजर अच्छी है, संभालके रखो. गाडी नहीं चलाना, शाम को अकेले नहीं निकलना."

डॉक्टरबाईंना वाटलं, म्हातारा खचेल. पण चंपतराव हसत होते, हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. शाळेत त्यांना कधी चाळिसाच्या वर मार्क पडले नव्हते. नागोरावांनी त्यांचे दोन्ही हात धरून हलवले आणि जयवंताबाईंनी मशीनला हात लावून तो कपाळाला लावला. नवरा पाऊण आंधळा आहे असं सरकारने लिहून दिल्यावर इतकी हलकी झालेली बाई त्या दवाखान्याने पूर्वी पाहिली नसावी. जिना उतरताना त्या चंपतरावांच्या डाव्या बाजूला चालल्या आणि त्यांचा हात त्यांनी धरून ठेवला. बेला येईपर्यंत तो सोडला नाही.

कुसुमला पोचवायला उद्धवराव स्वतः आले. सोबत मालनबाई, म्हणजे विहीणबाई, हातात पेढ्यांचं ताट घेऊन. उद्धवराव जीपमधून उतरले, अंगणाच्या बरोबर मध्ये आले, चंपतरावांच्या नाकासमोर वीतभर अंतरावर उभे राहिले आणि कोर्टात पुकारा करावा तसे ओरडले, "उद्धवराव हाजिर आहे!" मग दोघे व्याही असे भेटले की दोघांच्याही टोप्या पडल्या. जयवंताबाई कुसुमला दारातच कवटाळून उभ्या होत्या. त्या भरात चंपतराव "ईनबाई, या ना" म्हणत वळले, मालनबाईंचं ताट उडालं आणि पेढे अंगणभर पसरले. मालनबाई नवऱ्याकडे पाहू लागल्या.

"काही नाही, काही नाही!" उद्धवराव घाईघाईने म्हणाले. "तस्दीक झालेलं आहे. सरकारी मुहर आहे त्याच्यावर." पहिल्यांदा नागोराव हसले आणि मग सगळं अंगण हसू लागलं. पेढे चंपतरावांनीच गोळा केले. खाटेखालचा शेवटचा, मुगाएवढा तुकडासुद्धा त्यांच्या नजरेतून सुटला नाही.

पावसाळा संपता संपता कुसुमला मुलगी झाली. बारशाला जयवंताबाईंनी बाळ आणलं आणि चंपतरावांच्या अगदी समोर धरलं. चंपतराव बराच वेळ पाहत राहिले. हल्ली त्यांना माणसं तुकड्यातुकड्यांनी दिसत, एकदा तोंड, मग खांदा, मग पाय. पण हे बाळ एवढंसं होतं की कपाळापासून मुठीपर्यंत एकाच वेळी सगळं दिसत होतं. "पुरी दिसते," ते बायकोला म्हणाले.

"नाक मात्र आमच्या घराण्याचं आहे," डावीकडून उद्धवराव म्हणाले. "कुणीही तस्दीक करून देईल."

चंपतरावांनी मान वळवली नाही. "कोन बोलून राह्यलं व?" त्यांनी बायकोला विचारलं. "मले तं कोनीच दिसत नाई."

जयवंताबाईंनी पदर तोंडाला लावला. उद्धवराव पुन्हा म्हणाले, जरा मोठ्याने म्हणाले, हातही हलवून पाहिला. पण चंपतराव नातीचं नाक बघत राहिले. ते त्यांच्याच घरचं होतं यात त्यांना शंका नव्हती, आणि सरकारी कागदाप्रमाणे डाव्या बाजूला कुणीच नव्हतं.